कुरिंब्याच्या मागे

"अहो बाई, पाय झाडू नका! गाळ उठला की कुरिंबा मासा जातो, आणि तो गेला की त्याच्या मागचे सगळेच जातात!" जुवेनाल पाण्यातून ओरडला.

धक्क्यावर चिपांची, म्हणजे चीजच्या छोट्या पावांची, टोपली घेऊन उभी होते मी. कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकावर ओरडतोय, गाढव कुठला! तेही आज, जेव्हा मालकानं सकाळीच बजावलं होतं, 'आज पाहुण्यांना मासे दिसले नाहीत तर उद्यापासून येऊ नकोस.'

मालकाला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याला साधी सुई टोचता येत नाही. जमीन आहे, म्हणून डॉक्टर.

आणि हा माझा नवरा. तीस वर्षं या नदीत लोकांना मासे दाखवतोय. ज्ञान म्हणाल तर एवढंच, की कुरिंबा तळ खरवडतो, तेव्हा उडालेलं खाणं लांबारी मासे टिपतात. वर झाडावर माकडं इंगाच्या शेंगा खाताना सांडतात, ते पिरापुतांगा मासे झेलतात. "एकाचं उष्टं, दुसऱ्याचं जेवण, दिर्से. कुणी कुणाला हुसकत नाही." हे रोज जेवताना ऐकायचं. याचं लग्न माझ्याशी झालं की माशांशी, देव जाणे.

आज माकडं फिरकलीच नाहीत. पाहुणे डोळ्यांवर काचा, तोंडात श्वासाच्या नळ्या लावून पाण्यात फळ्यांसारखे पालथे तरंगत राहिले. साओ पावलोच्या त्या बाईनं शेवटी तोंड वर काढलं. "इथे मासे आहेत तरी का?"

डॉक्टर मक्याचं घमेलं घेऊन हजर. "जुवेनाल, टाक."

"मका पडला की पिरापुतांगा चेकाळतात, डॉक्टर. खालचे पळून जातात. मग कुणी कुणाच्या मागे..."

"माशांची वकिली पुरे. टाकतोस की घरी जातोस?"

"टाक की मेल्या!" चारचौघांत मीच किंचाळले. "ते मासे काय तुझे सासरे लागतात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काठाशी आला, घमेलं घेतलं आणि मूठ सोडली.

पाणी नुसतं उसळलं. पिरापुतांगा एकमेकांच्या अंगावर चढले, एकानं दुसऱ्याचं शेपूट फाडलं. लांबारी कुठल्या कुठे गेले. कुरिंबा तर मला दिसलाच नाही. पाहुणे आनंदानं चित्कारले, बाईनं टाळ्या पिटल्या. डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. "किती सोपं होतं, बघ!"

नोकरी वाचली. मला तेच तर हवं होतं.

दुपारी तो स्वयंपाकघरात ताटासमोर बसला. माशांचं नाव नाही. तीस वर्षांत या माणसानं मला कधी काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. आज खाली बघत म्हणाला, "दिर्से, बरोबर टाकला ना गं मी?"

"बरोबर टाकलास," मी म्हणाले. मला माझीच किळस आली.

मी भात वाढत राहिले. तो पुरे म्हणालाच नाही.