रिकाम्या पाटीतला धोंडा

"अजून पुढं लोट. पार कडेला. नाल्याला काय घाबरतोस? तो काय घोडा आहे लाथ मारायला?"

पागेच्या ओसरीवर दारोगासाहेब नाकाला उपरण्याचं टोक लावून बसले होते आणि खाली लाडक्या नावाचा गडी पावड्याने लीद लोटत होता.

"सायेब, नव दिस झालं, पानी नाय. ढीग माज्या छातीला लागला."

"मग येईल पाऊस. श्रावण आहे. लोटणं तुझं काम, नेणं पावसाचं. ज्याने त्याने आपापलं करावं."

कामाची ही वाटणी लाडक्या पागेत लागला त्याच्याही आधीची होती. बावीस वर्षं तो लोटत आला होता आणि पाऊस नेत आला होता. जव्हारचा पाऊस म्हणजे खाडा न करणारा गडी. यंदाच काय ती त्याने नऊ दिवसांची रजा घेतली होती.

पागा दरबारातल्या एका मानकऱ्याची. चौदा घोडी. त्यातल्या तिघांवर बसता येई, उरलेली अकरा मानाची होती. लीद मात्र चौदाही जणं सारखीच टाकत. मानकऱ्यांनी आपल्या प्रत्येक नोकराला पितळी बिल्ला दिला होता, अगदी लीद काढणाऱ्यालासुद्धा. लाडक्या तो दंडाला बांधे. त्याच्या पाड्यात सगळी भांडी मातीची. पितळेचा म्हणून तेवढाच एक तुकडा होता आणि तो लाडक्यासोबत रोज गावात जाऊन येई.

ढिगावर एक हिरवा रेशमी गोंडा पडला होता. मानाच्या एका घोडीने कंटाळून अर्धा चावला, म्हणून घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने तो फेकून दिला होता. लाडक्याने गोंडा पावड्याच्या टोकावर उचलून पाहिला. घरी लेक जिवली बाळंतपणाला आलेली. तिच्या वीस दिवसांच्या पोरीच्या झोळीला तो शोभला असता. पण पागेतली काडी घरी नेली तरी चोरी, असं दारोगासाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. लाडक्याने गोंडा लिदीत खोचला आणि लिदीसकट कडेला लोटला.

दुपारी पाऊस आला. रजेवरून परतलेला गडी चेव येऊन काम करतो, तसा आला. घटकाभरात ढीग गेला. त्याच्या मागोमाग बाजारातलं नऊ दिवसांचं साचलेलंही गेलं – सालं, शेण, उष्ट्या पत्रावळी.

"झालं साफ!" दारोगासाहेब म्हणाले आणि त्यांनी उपरणं नाकावरून काढून खांद्यावर टाकलं.

लाडक्याचा पाडा पठाराखाली, साखरशेताच्या वाटेवर. चालत दीड तास. तो भिजत घरी पोचला तेव्हा जिवली दारातच उभी होती.

"बा, बघ काय गावलं! वहाळातनं वाहत आला. हौशीनं काढला न् पोरीला दिला."

झोळीला हिरवा गोंडा लटकत होता. अर्धा चावलेला.

लाडक्या उंबऱ्यावरच थांबला. बावीस वर्षांत ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी आली नव्हती. वर तो पागेचा नाला, खाली हा पाड्याचा वहाळ, मधे दोन टेकड्या आणि रान. जिथे लोटायचं आणि जिथलं प्यायचं ते पाणी एकच असेल, असा संशय घ्यायला माणूस रिकामा लागतो. लाडक्याला घरी यायला दीड तास लागे. त्याची लीद मात्र पाऊस असला की त्याच्या आधी घरी पोचत होती.

"पोशे, पानी कुठलं भरलंस?" त्याने बायकोला विचारलं.

"डवऱ्यातलं. आनखी कुठलं?"

वहाळाच्या काठी वाळूत उकरलेला तो खड्डा. सगळा पाडा त्यातलंच पाणी प्यायचा. आज पूर त्याच्यावरून गेला होता.

"वतून टाक ते. उद्यापासनं वरल्या झऱ्यावरनं आन."

"वरल्या? मान मोडंल माजी! कारन काय?"

"सांगतो ते कर."

पोशी चिडचिड करत झऱ्यावर जाऊ लागली. कारण लाडक्याने तिला सांगितलं नाही आणि पाड्याला तर नाहीच नाही. सांगायचं तरी काय? तुमच्या पिण्याच्या पाण्यात मी बावीस वर्षं लीद लोटतोय, असं? आणि तेही दंडावर बिल्ला बांधून? आज सांगू, उद्या सांगू, असं तो रोज दोनदा ठरवी. एकदा जाताना, एकदा येताना.

हे झालं सोमवारी. बुधवारी पाड्यात हगवण लागली. गुरुवारी पुंजाचा नातू गेला. दोन वर्षांचा होता. सदा पाण्यात डुंबायचा म्हणून सगळे त्याला बेडक्या म्हणत.

शुक्रवारी पाडा पुंजाच्या अंगणात बसला. पाड्यात पुंजाचा शब्द चाले. त्या दिवशी त्याच्याजवळ फार शब्द नव्हते.

"हौशी, तुजं झोपडं वरल्या अंगाला. तू वहाळात धुतंस, भांडी घासतंस. खाली आमी पितो. झोपडं काढ. खालती ने."

हौशी एकटी बाई. जमीन नाही, नवरा नाही. पानं, रानभाजी बाजारात विकायची, नाहीतर मजुरीला जायचं. झोपडं उभं होतं तेवढीच जागा तिची, आणि तीही कोणी हटकलं नव्हतं म्हणून तिची.

"खालती कुठं नेऊ, बाबा? खालती तं पूर येतो."

"मंग वरल्या पान्यात घान कोन करतो? सांग ना! तुज्या वर दुसरं हाय कोन?" तरणा जिवा ओरडला.

पाणी नासलं की माणूस आपल्या वरच्या घराकडे बघतो. हौशीच्या वर घर नव्हतं, त्यामुळे तिला बघायला कोणी उरलं नव्हतं. तिने बसल्या जागी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती पोशीवर येऊन थांबली. पोशी गेले चार दिवस तिच्याच दारावरून वरच्या झऱ्याला जात होती. डवरा सोडून, रिकामं मडकं घेऊन, नवऱ्याला शिव्या घालत. पोशीने मान खाली घातली. हौशी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

"काढते झोपडं," ती म्हणाली. "पन पानी परत नासलं तं मंग कोनाचं काढाल, तेवढं आताच ठरवून ठेवा."

लाडक्या उठला. लोकांना वाटलं, कंटाळून घरी चालला. तो घरी गेला, झोळीचा गोंडा सोडला, परत आला आणि तो त्याने पुंजासमोर ठेवला.

"ह्यो पागेतला हाय. सोमवारी सकाळी मीच लोटला. लिदीसंगं. पागेचा नाला न् आपला वहाळ येकच हाय. हौशीचं झोपडं नका काढू."

पुंजाने गोंडा हातात घेतला नाही.

"तुला कवाधरनं ठावं हाय?"

लाडक्याला खोटं बोलता आलं असतं. आत्ता समजलं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं?

"सोमवार सांजपासनं."

पुंजाने बोटांवर मोजलं. सोमवार. मंगळवार. बुधवार. तीन बोटं मिटली आणि मग त्याने मूठ तशीच मांडीवर ठेवली. पोशीने पदर तोंडात धरला. चार दिवस कशासाठी मान मोडत होती ते तिला आत्ता कळलं.

"मंग फेक ना तो बिल्ला!" जिवा उठला. "उद्यापासनं जाव नको पागेत!"

"फेकला तं दुसरा येल. तो बी लोटंल. त्याला सांगाया कोन जानार?"

"दुसरीकडं टाक मंग!"

"दुसरीकडं टाकाया हुकूम नाय."

झालं. पावसाला हुकूम लागत नव्हता, माणसाला लागत होता. तेवढ्यात हौशी बोलली. घर वाचलेल्या माणसाचा आवाज थोडा मोठाच लागतो.

"आमी बाया रोज धोंडे आनतो. त्याच्याबदली लीद आनू."

या धोंड्यांची रीत त्या पाड्याची होती. संवत छप्पन्नच्या दुष्काळात बाया बाजारात जात आणि रिकाम्या पाट्या घेऊन परत येत. त्या वर्षी पाडा निम्मा झाला. तेव्हापासून बाजाराहून रिकामी पाटी पाड्यात आणायची नाही, असं ठरलं होतं. काहीच नसलं तर वाटेतला एक धोंडा पाटीत घालायचा आणि पाड्याच्या शिवेवर टाकायचा. बारा वर्षांत तिथे कमरेएवढा ढीग झाला होता. पाटी भरून न्यायची आणि धोंडा घेऊन यायचं, यालाच पाड्यात बाजार करणं म्हणत.

"घोड्याची लीद?" एक म्हातारा पुटपुटला. "लय गरम अस्ती. नागली जाळंल."

"मंग रोपाच्या राबात टाका," हौशी म्हणाली. "राब तं तुमी जाळताच ना?"

त्या आठवड्यात पाडा पहिल्यांदा हसला. पुंजा हसला नाही. तो उठून आत गेला. मूठ तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सात बाया पागेच्या दारात पाट्या घेऊन उभ्या राहिल्या आणि लाडक्याने लीद नाल्याऐवजी त्यांच्या पाट्यांत भरली. तिसऱ्या दिवशी अकरा. मग त्याच वाटेवरच्या खालच्या दोन पाड्यांच्या बायाही थांबू लागल्या, कारण वहाळ त्यांच्याही दारावरून जात होता. बाप्यांनी सावड करून, एकमेकांना हात देत, वहाळापासून लांब, उंचावर लिदीसाठी एक खड्डा खणला आणि त्याच्याभोवती बांध घातला. बाजारातल्या खानावळवाल्याला हौशीने एकदाच सांगितलं:

"शेठ, उष्ट्या पत्रावळी नाल्यात दिसल्या तं उद्यापासनं पानं नाय. कोनीच देनार नाय. जेवा हातावर."

पुढचा महिनाभर पाऊस चार वेळा थांबला आणि चार वेळा धो धो आला. वहाळ मातीने लाल झाला, पण काळा झाला नाही. डवरा नवा उकरला. जिवलीने गोंडा राख लावून धुतला आणि परत झोळीला बांधला. कोणी आजारी पडलं नाही. पुंजा लाडक्याशी बोलला नाही. वाटेत भेटला तर तो वाट सोडून शेतात उतरे.

मग एक दिवस मानकरी सज्ज्यात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "आमची लीद कुठे जाते?" त्यांना लिदीशी काही कर्तव्य नव्हतं. 'आमची'शी होतं.

दारोगासाहेबांनी लाडक्याला ओसरीवर बोलावलं.

"वाहून जाणं वेगळं, लाडक्या, आणि नेणं वेगळं. वाहून गेली तर दैवाने गेली. नेली तर चोरी. चोरीचा माणूस ठेवता येत नाही."

"सायेब, माशा कमी झाल्या."

"झाल्या." दारोगासाहेबांचं उपरणं महिनाभर खांद्यावरच होतं. "मी अलीकडे ओसरीवर जेवतो. पण ते हुकमात बसत नाही. बिल्ला काढ."

लाडक्याने दंडाची वादी सोडली. बावीस वर्षं ऊन न लागलेला एक फिकट पट्टा उघडा पडला. दारोगासाहेबांनी बिल्ला घेतला, उगाच उपरण्याने पुसला आणि मग आवाज खाली आणला.

"त्या बायांना सांग, उद्यापासून मागच्या खिंडारातनं यायचं. सज्ज्यातनं पुढचं दार दिसतं."

"आन नवा गडी?"

"त्याला मी सांगेन. काय सांगेन ते अजून मला ठाऊक नाही. पण सांगेन."

लाडक्या बाहेर पडला. थोडं चालल्यावर त्याच्या लक्षात आलं की हात मोकळे आहेत. ते रोजच मोकळे असत. बिल्लेवाला माणूस पाटी कशाला उचलेल? रीत बायांची होती, पाटीची होती. त्याला कोणी काही म्हटलं नसतं. तो परत फिरला, नाल्यात उतरला आणि नारळाएवढा एक धोंडा उचलून खांद्यावर घेतला.

उतारावर बायांनी त्याला गाठलं. सगळ्यांच्या डोक्यावर लिदीच्या पाट्या.

"लाडक्या, धोंडा कोनाला मारतंस रं?" हौशीने विचारलं. मग तिला त्याचा दंड दिसला. तिने पाटी सावरली आणि पाऊल आवरलं. बायाही त्याला मागे टाकून गेल्या नाहीत. भरल्या पाटीने जमेल तेवढं हळू चालत राहिल्या.

शिवेवर पुंजा शेळ्या राखत ढिगाला टेकून बसला होता. ढिगावर महिनाभर धोंडा पडला नव्हता. फटींतून गवत वर आलं होतं.

"बिल्ला?" पुंजाने विचारलं.

"दिला."

पुंजा थोडा बाजूला सरकला. लाडक्याने खांद्यावरचा धोंडा दोन्ही हातांनी उतरवून ढिगाच्या माथ्यावर ठेवला. नाल्यातला धोंडा, पाण्याने घासून पांढरा झालेला. खालच्या शेवाळलेल्या धोंड्यांत तो उठून दिसत होता. पुंजाने हात लावून पाहिला. हलत होता.

म्हाताऱ्याने पायाजवळची एक दगडाची चीप उचलली आणि धोंड्याखाली नीट खोचली. मग परत हात लावून पाहिला. बसला होता.