ऋतिकाचा उखाणा

पुढ्यात काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असतं, तर विद्युल्लताबाईंनी त्या मंगळवारी उखाण्याचं नावच काढलं नसतं. की महिनाभर आधीच काढलं असतं? देव जाणे.

काकतीच्या पलीकडची ती सीमाभागातली मराठी शाळा. बाई शहापुरातून बसनं यायच्या, घसा कोरडा पडेस्तोवर शिकवायच्या, आणि सातवीची पोरं ढिम्म! शिकवायचं होतं यमक. दोन ओळींचा शेवट सारखा वाजला की दोन्हींपुढं 'अ' लिहायचं, पुढची जोडी वेगळी वाजली की 'ब'. एवढी सोपी गोष्ट. पण फळ्यावरच्या कवितेला धवलनं सरळ अ, ब, क, ड लावून टाकलं.

"अरे देवा! मुळाक्षरं नाही विचारली रं मी!" बाई वैतागल्या. मग त्यांना युक्ती सुचली. "लग्नात बायका उखाणा घेतात, ऐकलाय न्हवं? त्यात यमक असतंच. चला, शेजाऱ्याचं नाव घालून जुळवा बघू."

झालं! पोरांच्या अंगात वारं शिरलं. धवल तर बाकावरच चढला.

"ताटात भाकरी, भाकरीवर कांदा,
सौरवचं नाव घेतो, अभ्यासाचा वांदा!"

हसून हसून वर्गाची मुरकुंडी वळली. कांदा, वांदा, अ आणि अ. बाईही पोट धरून हसल्या.

तेवढ्यात ऋतिका उठली. एरवी विचारलं तरी तोंड न उघडणारी पोर. तिनं ओढणी सारखी केली, मान खाली घातली आणि एका दमात म्हणाली,

"केळीच्या खांबाला हळदीचा धागा,
नागेंद्ररावांच्या घरात मला द्या जागा."

पोरांनी टाळ्या पिटल्या. "नागेंद्र कोण गं? आपल्या वर्गात तर न्हाय!" ऋतिका खाली बसली. बाईंचं हसू मात्र तोंडातच विरलं. हा उखाणा आत्ता जुळवलेला नव्हता. घोटून घेतलेला होता, कुठं थांबायचं, कुठं लाजायचं त्याच्यासकट. बाईंना उगाचच भीती वाटली. उगाच कसली, चांगलीच वाटली.

मधल्या सुट्टीत त्यांनी ऋतिकाला व्हरांड्यात गाठलं.

"छान होता गं. कुणी शिकवला?"

"आक्कानं. रोज म्हणून घेती."

"कशाला?"

"शुक्रवारी म्हणायचाय की, बाई. नणंद दार अडवती न्हवं. नाव घेतल्याबिगर आत सोडत न्हाईत."

आत्ता कुठं तेरावं लागलेलं लेकरू! जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची होती ह्या आईबापांनी. पण शुक्रवार म्हणजे अजून वेळ होता, तेवढाच काय तो धीर. शाळेच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा नंबर रंगवलेला होता. तो त्यांनी उभ्या उभ्या लावला आणि भराभरा कन्नडमधून सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईनं नीट ऐकून घेतलं आणि नवऱ्या मुलाचं पूर्ण नाव विचारलं.

बाईंनी फोनवर हात ठेवला. "ऋतिका, त्याचं नाव, आडनाव, सगळं सांग मला."

"तसंच न्हाय घेत, बाई."

"अगं, आत्ता वर्गात घेतलंस की!"

"ते उखाण्यात. तसंच घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतंय म्हणं."

"वेडी का काय तू? ते लग्न झालेल्या बायकांचं असतं! तुझं कुठं झालंय अजून?"

ऋतिकानं वर बघितलं. एवढं कसं बाईंना कळत नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"झालं की. गेल्या महिन्यात सदलग्याला मामा आजारी हाय म्हणून गेलतो न्हवं, तवाच. शुक्रवारी नुस्तं नांदाय जायाचं."

फोनमधला आवाज विचारत होता, लग्न कधी आहे, मॅडम? आपण थांबवू. हॅलो?

ऋतिकानं हळूच त्यांचा पदर ओढला.

"बाई, अजून एक जुळवून द्या की. एकावर आत घेतलं न्हाय तर?"