पक्का रंग

सुमतीने संत्रा बर्फीचा डबा टेबलावर ठेवला आणि डॉक्टरीणबाई नको म्हणायच्या आत त्याची दोरी सोडायला घेतली. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा धम्मानंद तिच्या पदराचा काठ बोटांनी चाचपत बसला होता. चौतीस वर्षं गांधीबागेतल्या दुकानात साड्या विकलेल्या हाताला तेवढं अजून येत होतं.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाल्या होत्या, त्याच्या विसरण्यामागे दोन शक्यता आहेत. डोक्यात पाणी साचलं असेल, तर ऑपरेशन करून नळी टाकता येते. माणूस बराच सुधारतो. पण मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत असेल, तर तो अल्झायमर. तो बरा होत नाही. पाठीतलं पाणी तपासलं की कळेल. पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा होतो, असं सगळी गल्ली सांगत होती. तरी सुमतीने छातीवर दगड ठेवून सही केली.

काल लेकीने, मोनालीने, मोबाइलवर रिपोर्ट वाचला. अमायलॉइड कमी. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. खाली टाऊ नावाचं काहीतरी जास्त होतं. पण डॉक्टरांनी त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, म्हणून दोघींनी ते सोडून दिलं.

"कमीच आलं ना मॅडम? आता नळीची तारीख सांगा," सुमती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"सुमतीबाई, पाण्यात कमी आलंय. कारण ते मेंदूतच साचून राहतंय, पाण्यात उतरत नाही. टाऊही वाढलंय. हा अल्झायमरच आहे."

"पण साचते तर जास्त दिसाले पाहिजे ना," सुमती म्हणाली. तिला कळलं होतं. कळून घ्यायचं नव्हतं.

"पाण्यात उतरला नाही," धम्मानंद मध्येच म्हणाला, "म्हणजे रंग पक्का बसला."

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच मान हलवली.

सहा महिन्यांत त्याच्या तोंडून असं सरळ, अख्खं वाक्य आलं नव्हतं. बाकी सगळं विसरून सुमतीला तेवढ्याचाच आनंद झाला. तिने त्याचा हात धरला.

"तुमाले समजलं? माह्याकडे पाहा बरं."

त्याने पाहिलं. दुकानातलं ते जुनं, आर्जवी हसू चेहऱ्यावर आलं. तिच्याच पदराचा काठ त्याने तिच्यापुढे धरला.

"कितीबी धुवा, जाणार नाही. कोणासाठी पाहून राहिल्या, ताई?"

सुमतीने डब्याची दोरी पुन्हा बांधायला घेतली. गाठ काही बसेना.