कठड्यावरचं हेल्मेट

धोक्याचा भोंगा वाजला की हातातलं काम टाकून फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत जमायचं, हा कारखान्याचा नियम. तिथे डोकी मोजायचं काम सूनबाईकडे. ती खरं तर स्टोअर सांभाळायची. पण तिचे सासरे इथलेच जुने फिटर, म्हणून ती अख्ख्या कारखान्याची सूनबाई.

सासऱ्यांचे गुडघे कामातून गेलेले. भोंग्याचा सराव म्हणजे त्यांना शिक्षाच. मग ठिणगी, म्हणजे वेल्डर, बाहेर पडताना त्यांचं हेल्मेट तेवढं उचलून आणायचा आणि फाटकाजवळच्या कठड्यावर ठेवायचा. हेल्मेट आलं की मामंजी आले, असं सगळे धरून चालायचे. सूनबाईही ते मोजायची. त्या गुडघ्यांना रोज तेल लावणारी तीच. कुठल्या तोंडाने चालायला लावणार?

त्या दुपारी भोंगा झाला तेव्हा सकाळपासून माल उतरवून तिची कंबर धरली होती. पुन्हा सराव, असं पुटपुटत माणसं रेंगाळत आली. तिने कठड्यावरच्या हेल्मेटपर्यंत बोट फिरवलं आणि सगळे बाहेर आहेत, असं सुपरवायझरला सांगून टाकलं.

तेवढ्यात रंगाच्या खोलीच्या छपरातून काळा धूर वर आला.

ठिणगी हेल्मेटकडे बघत राहिला.

ती दाराकडे निघाली आणि मध्येच थांबली. बाहेर आलेल्याने परत आत जायचं नाही, नाहीतर एकाचे दोन शोधावे लागतात, हे प्रत्येक नव्या माणसाला तीच तर सांगायची. सांगून सांगून तिला त्या वाक्याचा कंटाळा आला होता. आज ते पायात अडकलं.

बंबवाले आले. सगळे बाहेर आहेत ना, असं त्यांनी विचारलं. सुपरवायझर मान हलवणार, तोच ती म्हणाली, "नाही. मी चुकीचं मोजलं. एक जण आत आहेत. लेथच्या मागे, खिडकीखाली स्टुलावर. त्यांना उठायला आधार लागतो. डावा हात ओढू नका, खांदा दुखतो त्यांचा."

मग नुसतं उभं राहणं. हेल्मेट छातीशी धरून ती उभी राहिली.

दोघांच्या खांद्यावर भार टाकून सासरे आले तेव्हा तोंड काळं, खोकला थांबेना. प्राणवायूच्या नळीतून श्वास घेतल्यावर म्हणाले, "मला वाटलं, सरावच आहे. मला मोजलंस ना?"

"मोजलं होतं, मामंजी. तेच तर."

पुढच्या सरावाला सगळे लवकर जमले आणि ताटकळत बसले. मामंजी येईपर्यंत आग कंटाळून विझेल, असं कुणीतरी म्हणालं. दारातून सासरे हेल्मेट घालून, ठिणगीचा हात धरून एकेक पाऊल टाकत येत होते. सूनबाईचे पाय दुखत होते. बोट मात्र तिने शेवटी मोजलेल्या माणसावरच धरून ठेवलं होतं, आणि कठड्यावरची सासऱ्यांची जागा अजून रिकामी होती.