वाईओलाने सूर उचलला

माझं डुक्कर वाईओलाच्या अळूत शिरलं की ती मलाच नाही, अख्ख्या गावाला ऐकवायची. "ओफेइना, तुझ्या लाडक्याला बांधून ठेव, नाहीतर या रविवारी मीच त्याला भट्टीत घालते." मीही ऐकून घेणारी नाही. "घाल की, तुला एकटीला संपणारे का?" म्हणायचे. एकटी हा शब्द मुद्दाम. तिचा नवरा ऑकलंडला गेला तो परत आलाच नव्हता.

लेसिएली मात्र नुसतं लोणी. बायकांच्या बुधवारच्या प्रार्थनेत तीच पुढे उभी राहते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की आमचेही डोळे भरतात. म्हणूनच तिच्या अंगणात नारळ खवता खवता मी तिला सांगून टाकलं, "माझी नजर जातेय गं. पांढऱ्या पातीवर पांढरी पात आली की मला दोन दिसतच नाहीत."

केवड्याची बारीक पात विणणारीला नजर नसेल तर काय उरलं? आमच्या मंडळात जी दुसरीच्या चटईला बसते, तिच्याच चटईला बाकीच्या बसतात. सगळ्या मिळून एकेकीची चटई पाळीपाळीने विणतात, आणि पुढची पाळी माझी होती. नाताळात माझ्या लेकीचं, तेमालिसीचं लग्न, आणि टोंगात कुठली आई पोरीला चटईशिवाय सासरी पाठवते? माझ्या डोळ्यांचं कळलं असतं तर पाळी गेली असती आणि पोरीची मान जन्माची खाली गेली असती.

"कोणापाशी बोलू नकोस हं," मी म्हटलं.

"अगं, मी काय दवंडी पिटणारे?" लेसिएलीने माझे ओले हात धरले. मला फार हलकं वाटलं.

धास्ती होती ती वाईओलाची. विणताना ती नेमकी माझ्या शेजारी. "डोळे घरी विसरलीस का? बघ ही पात कुठे चाललीय." असं म्हणून माझी वीण उसवायची आणि स्वतःच नीट करायची. मेली मला उघडं पाडायला टपलीय, असं मला वाटायचं.

त्या बुधवारी आम्ही नेहमीसारख्या सभाघरात मांडी घालून बसलो, माना खाली, डोळे मिटलेले. लेसिएलीने पावसासाठी मागितलं, समुद्रावर गेलेल्यांसाठी मागितलं. मग तिचा आवाज कातर झाला. "प्रभू, आज एका बहिणीसाठी मागते. तिच्या डोळ्यांवर अंधार उतरतोय. केवड्याच्या पाती तिला दिसत नाहीत, आणि ती बिचारी ते लपवतेय."

उठावं तर मीच ती हे कळणार, बसावं तर पुढचा शब्द माझं नाव.

"प्रभू, तुझी ही लेक—"

आणि वाईओलाने गाणं उचललं. चालू प्रार्थनेत. घसा फाटेल असं. आमच्याकडे कोणी सूर लावला की बाकीच्यांना गप्प बसवतच नाही. डोळे मिटलेल्या बायकांनी आपापला सूर धरलासुद्धा, खालचा, वरचा, मधला, आणि क्षणात छत दणाणलं. मी डोळे उघडून पाहिलं. लेसिएलीचे ओठ हलत होते, पण माझं नाव कोणाच्याच कानी गेलं नाही.

गाणं संपलं तेव्हा आपण काय केलं ते बायकांच्या ध्यानात आलं. आमच्या गावात प्रार्थना मधेच तोडलेली मी आजवर पाहिली नव्हती. आमच्या मंडळाच्या प्रमुख पाद्रीणबाई उठून उभ्या राहिल्या. "वाईओला, उद्या मंडळासमोर जाब दे. नाही दिलास तर तुझी चटई गुंडाळ आणि चालू लाग."

वाईओला निघून गेली. मी आधी लेसिएलीला गाठलं. "तू हे काय केलंस?"

ती डोळे पुसत होती, आणि ते पाणी खरं होतं. "अगं, देवालाच तर सांगितलं."

"नावासकट?"

"नाव न घेता देवाला कसं कळणार?" ती भाबडेपणाने म्हणाली. हिच्यापाशी मी वर्षानुवर्षं मन मोकळं करत आलेय, आणि हिला आपलं काही चुकलंय हे कळतसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी कुंपणापाशी गेले. वाईओला तुडवलेलं अळू खुडत होती.

"डुक्कर बांधलंस?" तिने वर न बघता विचारलं.

"बांधलं. तू का गायलीस?"

"तुझी वीण गेलं वर्षभर मी सांभाळतेय. तिने तोंड उघडलं तेव्हाच कोणाबद्दल चाललंय ते कळलं."

"पण लेसिएली नाव घेणार, हे तुला कसं ठाऊक?"

तिने हातातली पानं खाली ठेवली. "मला मूल होणार नाही, हे मी एकदा तिला एकटीलाच सांगितलं होतं. त्याच्या पुढच्याच बुधवारी तिने देवाकडे माझ्यासाठी मूल मागितलं, नाव घेऊन, रडत रडत. माझी सासू पहिल्या रांगेत बसली होती." मग ती परत अळू खुडायला लागली. "त्या दिवशी कोणी गायलं नाही."

एकटी, एकटी म्हणून मी हिला किती वेळा डिवचलं होतं.

दुसऱ्या दिवशी विणायच्या खोपीत पाद्रीणबाईंनी विचारलं, "बोल, का गायलीस?"

वाईओला बोलली असती तर सुटली असती. पण ती खाली वाकली आणि आपल्या पाती गोळा करायला लागली.

मला तेमालिसी डोळ्यांपुढे दिसली, रिकाम्या हातांनी सासरच्या दारात उभी. तरी मी म्हटलं, "ती आंधळी बहीण मी. माझं नाव झाकायला गायली ती."

पाद्रीणबाई म्हणाल्या, "ओफेइना, मग नियमाप्रमाणे तुझी पाळी..."

"तिच्या वाटणीची वीण मी घालते," वाईओला म्हणाली. तिने गोळा केलेल्या पाती पुन्हा खाली मांडल्या. "माझीही आणि तिचीही. माझ्या चटईची मला घाई नाही. कोणाच्या लग्नात देणारे मी?"

पाद्रीणबाईंनी मान डोलावली, आणि पाळी माझीच राहिली.

लेसिएलीचे डोळे भरून आले होते. ती उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले. "चला बहिणींनो, ओफेइनासाठी आणि आपल्या वाईओलासाठीही आपण—"

माझा गळा फाटका आहे, गावाला माहीत आहे. तरी गाणं मीच उचललं. वाईओलाने दचकून माझ्याकडे पाहिलं. मग तिने खालचा सूर धरला.