कोरे कप

सुसाना गेल्याचा फोन आला तेव्हा दावीदच्या हातात तिनेच घडवलेला कप होता. भट्टी केव्हाच निवली होती, कप गार होते. सुसाना सुरतच्या दवाखान्यात होती, उशाशी तिची धाकटी बहीण रविना. दावीद गावी आला होता तो बायकोच्याच हट्टामुळे. "इथे बसून माझं तोंड काय बघतोस? घरी जा, भट्टी उघड, कप काढून घे," असं ती म्हणाली होती. आता फोनवर रविना नुसती रडत होती. दावीदने कप आधी पाटावर नीट ठेवला, मग खाली बसला.

कप चर्चच्या मंडळीसाठी होते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभुभोजनाचा द्राक्षरस यंदा प्लास्टिकच्या नाही, गावच्या मातीच्या कपातून द्यायचा, असा शब्द सुसानाने दिला होता. लोणखेड्याच्या एका शिबिरात ती रविनाबरोबर हे काम शिकली होती आणि बचत गटाने गॅसची छोटी भट्टी घेऊन दिली होती. एकदा भाजलेला कप कोरा असतो, ओतलेलं पितो. त्याला ग्लेझ लावायचं, म्हणजे काचेच्या पुडीचं दाट पाणी, आणि पुन्हा भाजायचं, की त्यावर काच चढते. पहिलं भाजणं तिने दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी उरकलं होतं. दुसरं राहिलं.

कप नीट भाजला की नाही हे ती जीभ लावून बघायची. जिभेला चिकटला की खूश. दावीद विचारायचा, "घरात मीठ संपलं का?"

"तुझ्यापेक्षा याला चव जास्त आहे," ती म्हणायची.

तिला माती दिली. पाहुणे येत राहिले, ओसरीवर बसून उठत राहिले. दावीदला हात रिकामे ठेवणं जमेना. त्याची आई नवं मडकं आणलं की आतून-बाहेरून तेल चोळायची, पेज पाजायची, मगच चुलीवर चढवायची. नाहीतर मडकं तडकतं. त्या घरात कोरं भांडं तसंच कुणी ठेवलं नव्हतं. दावीदने एकेक कप मांडीवर घेतला आणि भुईमुगाचं तेल चोळलं. सुसानाच्या बोटांच्या खुणा होत्या तिथे जरा जास्तच चोळलं.

पाळक योहान भेटायला आले. म्हणाले, "दावीदभाऊ, यंदा राहू द्या. मी नवापूरहून प्लास्टिकचे कप आणतो. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कोण घडवणार, पाळकसाहेब?"

पाळकांनी प्रार्थना केली आणि ते निघाले.

मग दावीदने स्वतःच हात घातला. ग्लेझ त्याने घराला चुना कालवतात तसं कालवलं आणि ब्रशने लावलं. भट्टीच्या भोकातून आतला मातीचा छोटा शंकू दिसतो, ताव पुरेसा झाला की तो वाकतो. तो वाकला की गॅस बंद करायचा, एवढं त्याने बघितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर काच कपाच्या अंगावर थेंबाथेंबाने गोळा झालेली, मधे सगळी उघडी माती, खरूज झाल्यासारखी. पातळ झालं असेल म्हणून पुढच्या खेपेला जाड लावलं. ते ओघळून खाली उतरलं आणि कप भट्टीतल्या फरशीला चिकटून बसले. छिन्नीने सोडवताना फुटले. तो तुकडे गोळा करत राहिला, एकमेकांना लावून बघत राहिला. प्रत्येक चुकीला सुसानाच्या हातचे काही कप जात होते आणि नवे कुठून येणार नव्हते.

तिसऱ्या वेळी त्याने कप ग्लेझमध्ये बुडवून वर काढला. ग्लेझ अळवाच्या पानावरून पाणी जावं तसं घसरून गेलं. त्याने पुन्हा बुडवला. पुन्हा गेलं. रविना आली तेव्हा तो बादलीपाशी बसून तेच करत होता.

तिने त्याच्या हातातून कप घेतला, पुसला, नाकाशी नेला.

"दाजी, याला काय लावलंत?"

"ग्लेझ."

"त्याच्या आधी?"

"तेल. तडकू नयेत म्हणून."

रविनाने कपाच्या तळाला जीभ लावली. चिकटली नाही. "कप पितो म्हणून ग्लेझ धरतो, दाजी. तुम्ही त्याचं तोंडच बंद केलं."

"तिने मला सांगितलं का नाही?"

"तिला काय माहीत, तुम्ही तिच्या कपांना मालिश कराल."

दावीदला हसू आलं आणि त्यातच तो रडला. रविनाने कप पुसून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आधी नुसते भाजून तेल जाळावं लागेल. ग्लेझ त्यानंतर."

दावीदने सिलिंडर उचलून बघितला. एका भाजण्यापुरता होता. दुसरा सणाची सुट्टी संपल्याशिवाय मिळणार नव्हता, आणि शुक्रवार परवावर आला होता.

"म्हणजे शुक्रवारी काही होत नाही," रविना म्हणाली. "मग घाई कशाला?"

"तिने ठेवले होते तसे तरी करून ठेवतो."

त्याने उरलेले कप भट्टीत लावले. भोकातून काळा धूर निघाला, तेलाचा वास अंगणभर झाला. दुसऱ्या दिवशी उघडलं तर काहींना तडे गेले होते. बाकीचे तांबडे, कोरडे, पहिल्यासारखे होते. दावीदने एकाला जीभ लावली. ती चिकटली.

शुक्रवारी चर्चमध्ये प्लास्टिकच्या कपांचं ताट फिरलं. दावीदपाशी आलं तेव्हा त्याने खिशातून कोरा कप काढला आणि रस त्यात ओतला.

"झिरपेल, दावीदभाऊ," पाळक हळूच म्हणाले.

"झिरपू द्या."

सगळ्यांनी मिळून प्यायची वेळ येईपर्यंत अर्धा रस मातीने पिऊन घेतला होता. उरलेला दावीदने प्यायला. कप ओठाला चिकटला. त्याने तो लगेच सोडवला नाही.

बाकीचे कप ओसरीवर फडक्याखाली आहेत. त्यांना ग्लेझ लावायचं अजून राहिलं आहे.