एका दाताची नोंद

नात रांगायला लागली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, बाबांनी पाण्याने भरलेला जग उचलला आणि लेकीने आणलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर दाणकन ठेवला.

"वाचलं सगळं," ते म्हणाले. "चांगलं आहे. टेबलावर ओल येणार नाही."

समोर बसलेला जावई फिसकन हसला. बाबांनी मोर्चा तिकडे वळवला.

"हसा, जावईबापू, हसा. तुमच्या वरच्या मजल्याचीच ही फॅशन. बटणं दाबायची आणि म्हणायचं, नोंद झाली."

"आणि खालच्या मजल्यावर काय होतं, बाबा? लाल कार्ड टांगायचं आणि चहाला जायचं."

"बाबा, तो जग उचला आधी," लेक म्हणाली. "महिनाभर डोकं फोडून लिहिलंय मी ते."

"भांडण कारखान्यात करा," आई आतून ओरडली. "पोरगी आत्ता कुठे झोपलीये."

तिघेही एकाच कारखान्यात होते. आजाऱ्याच्या शिरेत औषध थेंबाथेंबाने सोडणारे यंत्र तिथे तयार होई. खालच्या मजल्यावर बाबांच्या हाताखाली यंत्राची मोटर, चाके आणि पेटी जुळत. वरच्या मजल्यावर जावयाची माणसे त्या यंत्राला चालवणारा प्रोग्रॅम लिहीत. लेक या दोहोंच्या मध्ये. दिवसभर ती वर-खाली करी, म्हणून सगळा कारखाना तिला 'जिना' म्हणे.

काम किती शिस्तीने होते हे ठरवण्याचे आराखडे असतात, त्यांना पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर काम माणसाच्या अंगच्या हुशारीवर चालते; तो माणूस हजर असला तर छान, नसला तर रामभरोसे. दुसऱ्या पायरीवर जो तो गट आपले काम आखून करतो. तिसऱ्या पायरीवर सगळे घर, म्हणजे सगळा कारखाना, एका रीतीने चालते, माणूस बदलला तरी रीत बदलत नाही. वरच्यांनी प्रोग्रॅमवाल्यांच्या आराखड्यात तिसरी पायरी मिळवली होती, खालच्यांनी यंत्रवाल्यांच्या आराखड्यात. दोन्ही प्रमाणपत्रे दाराशी शेजारी शेजारी टांगलेली होती आणि दोन्ही मजले एकमेकांच्या चौकटीवर धूळ आहे का ते बघत.

आता ते दोन आराखडे एकत्र होऊन एकच नवा आराखडा झाला होता. रुग्णालयांच्या एका मोठ्या संस्थेने कळवले होते की यंत्रे घेऊ, पण तिसरी पायरी सगळ्या घराची मिळून हवी. मालकांनी लेकीला बोलावून सरळ सांगितले होते: मागणी गेली तर वरचा मजला कसाबसा तगेल, खालचा बंद करावा लागेल. यंत्राचे भाग बाहेरून आणू. लेक ते ऐकून जिना उतरली तेव्हा खाली बाबांनी हाताला धरून शिकवलेली माणसे चाके घाशीत बसली होती. त्यांच्यापैकी कोणालाच तिने काही सांगितले नाही. बाबांना मात्र सांगितले.

लेकीच्या त्या कागदांत दोन्ही रीती एकत्र करता करता सगळे जुळले, फक्त एक गोष्ट अडली. खाली यंत्रात काही बदलले की त्यावर लाल कार्ड टांगत, आणि दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय ते काढत नसत. वर प्रोग्रॅममध्ये काही बदलले की संगणकावर नोंद करत. पण एकाच वेळी यंत्रही बदलले आणि प्रोग्रॅमही बदलला तर? कार्ड की नोंद? यावर सासऱ्या-जावयाचे इतके वाजले की लेकीने ती जागा कोरी सोडली.

"तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "मला फक्त ठरलं म्हणून सांगा."

चार दिवसांनी बाबा जिन्यात भेटले. "ठरलं," ते म्हणाले, आणि काही विचारायच्या आत निघून गेले. संध्याकाळी घरी जाताना जावई म्हणाला, "ते कार्डाचं आणि नोंदीचं ठरलं बरं का." लेकीला इतका आनंद झाला की काय ठरले हे तिने विचारलेच नाही. कोऱ्या जागी तिने लिहिले: दोन्ही विभागांच्या संमतीने. आणि घरी येऊन आईला घट्ट मिठी मारली.

"काय झालं गं?"

"तुझा नवरा सुधारला."

"काहीतरीच," आई म्हणाली.

तपासणीच्या बाई आल्या त्या दिवशी कारखान्यात लगीनघाई उडाली होती. नव्या यंत्रांची खोकी बांधून दाराशी लागली होती, दुपारी गाडी येणार होती. बाई बुटक्या, हसऱ्या आणि फार हळू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दोन्ही मजले पाहिले, माणसांशी बोलल्या, आणि जेवणाआधी सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवले. आतापर्यंत एकही प्रश्न अडला नव्हता.

"या यंत्रातलं एक चाक मागच्या महिन्यात बदललंय ना?" बाईंनी विचारले.

"हो," बाबा म्हणाले. "दातेरी चाक. आवाज करत होतं, एक दात कमी केला."

"मग मोटरचा वेग बदलला असेल. प्रोग्रॅमही बदलावा लागला असेल."

"बदलला," जावई म्हणाला.

"त्याची नोंद दाखवता?"

बाबांनी ऐटीत हात वर केला. "वर आहे. जावईबापू, दाखवा."

जावयाने बाबांकडे पाहिले. "वर? खाली कार्ड असेल ना, बाबा."

"कार्ड कशाला असेल? मी माझ्या माणसांना सांगितलं, दोन्हीकडचा बदल असला की वरच्यांच्या रीतीने. आता कार्ड नको."

"मी माझ्या माणसांना सांगितलं, खालच्या रीतीने. नोंद नको, बाबांचं कार्ड राहू दे."

लेकीला एकदम सगळे दिसले. दोघांनीही माघार घेतली होती, आणि तोंडावर सांगायची लाज वाटली म्हणून दोघेही गप्प राहिले होते. तिने फक्त 'ठरलं' ऐकले होते.

"म्हणजे नोंद कुठेच नाही, आणि दोन्ही बदल जुळतात का तेही कोणी तपासलं नाही," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"खोकी!" बाबा उठले, त्यांची खुर्ची मागे पडली. "थांबवा ती गाडी!"

सगळे जिन्यावरून धावले. प्रोग्रॅमवाले, चाकवाले, मालक, आणि शेवटी कठड्याला धरून बाई. चालकाने पहिले खोके उचललेले होते, ते दोघांनी त्याच्या हातातून काढूनच घेतले. टेबलावर खोकी फोडून यंत्रे लावली, नळीखाली काचेची नळकांडी धरली. कोणी घड्याळ धरले, कोणी थेंब मोजू लागले. वरचे आणि खालचे डोक्याला डोके लावून वाकले होते. कोणाचा कोपर कोणाला लागतोय याची कोणाला शुद्ध नव्हती.

"बरोबर आहे!" जावई ओरडला. "बाबा, बरोबर आहे!"

"दुसरं लावा," बाबा म्हणाले.

दुसरेही बरोबर निघाले, तिसरेही. खालचा एक म्हातारा फिटर वरच्या एका मुलीचा हात धरून नाचायलाच लागला. बाबा खुर्चीत बसले आणि घाम पुसत हसू लागले.

"पण एक सांगा," बाई म्हणाल्या. "नोंद नाही, कार्ड नाही. मग चाक बदललं हे वरती कळलं कसं?"

जावई जरा लाजला. "जेवताना. आमच्या मुलीला पहिला दात आला त्या दिवशी बाबा म्हणाले, तुमच्या पोरीला एक दात आला आणि माझ्या चाकाचा एक गेला. दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅम बदलून घेतला."

हशा पिकला. बाईही हसल्या. मग बाबांकडे पाहून त्यांनी नेहमीच्या हळू आवाजात विचारले,

"आणि हे एखाद्या दिवशी जेवायला आले नाहीत तर?"

"मी?" बाबा म्हणाले. "बाई, माझ्या बायकोला विचारा. आभाळ कोसळलं तरी माझं जेवण चुकत नाही."

पुन्हा हशा झाला. लेक हसली नाही. तिने खिशातून पेन काढले होते.

बाईंनी त्या दिवशी पायरी दिली नाही. "ही पहिली पायरी आहे," त्या म्हणाल्या. "झकास चाललेली, पण पहिली. पुन्हा येते." मालकांनी रुग्णालयवाल्यांकडून तेवढी मुदत मागून घेतली.

त्यानंतरचे दिवस लेकीला पुढे कधीही आठवले तरी अंगात उत्साह येई. वरचे खाली बसू लागले, खालचे वर. कार्डावर नोंदीचा क्रमांक आल्याशिवाय कार्ड निघायचे नाही, आणि कार्ड वर आल्याशिवाय नोंद पुरी व्हायची नाही, असे ठरले. या वेळी लेकीने प्रत्येकाला विचारले, काय ठरले ते सांगा, आणि प्रत्येकाकडून वदवून घेतले. पहिले कार्ड बाबा स्वतः वर घेऊन गेले. अर्ध्या जिन्यात ती आडवी आली.

"जिना, बाजूला हो," ते म्हणाले. "काम आहे माझं."

मग कठड्याला टेकून जरा वेळ उभे राहिले, आणि पुढे गेले.

हिवाळ्यात तिसरी पायरी मिळाली, सगळ्या घराची. दारातली दोन्ही प्रमाणपत्रे उतरवून तिथे एकच लावले. बाबांनी खिळा स्वतः ठोकला. जावयाने तो वाकडा आहे म्हटले, बाबांनी भिंत वाकडी आहे म्हटले.

नात शाळेत जायला लागली त्या वर्षी घरातले कोणीच कितीतरी दिवस कारखान्यात गेले नाही. त्या दिवसांत खाली तेच दातेरी चाक पुन्हा बदलले. लेक परत कामावर आली तेव्हा यंत्रावरचे लाल कार्ड निघालेले होते, त्यावर नोंदीचा क्रमांक होता. वर नोंद पुरी झालेली होती. थेंब मोजून झाले होते आणि खोकी रवाना झाली होती. जावयाला कोणी फोन केला नव्हता. तिलाही नाही.

ते कार्ड हातात घेऊन ती जिन्यात उभी राहून त्याकडे बराच वेळ बघत होती.

बाबा त्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्या पहिल्याच सोमवारी सकाळी वारले.